नाव एक, कंपन्या चार: भिजलेल्या मालाचा दावा लावायचा कोणावर?

प्रश्न थोडक्यात असा. यंत्रांच्या सुट्या भागांचा एक कंटेनर समुद्रमार्गे आला, उघडला तर निम्मा माल पाण्याने भिजून गंजलेला. भाडं घेतलं जहाज कंपनीने, कागद दिले त्याच नावाच्या एजन्सीने, डबा बंदरात उतरवला त्याच नावाच्या टर्मिनलने आणि दारात आणून सोडला त्याच नावाच्या लॉजिस्टिक्स कंपनीने. भरपाई मागितली तर प्रत्येक जण म्हणतो, "हे आमच्याकडे येत नाही, आमच्या दुसऱ्या कंपनीला लिहा." समूह एक, लोगो एक, तरी ही टोलवाटोलवी कशी चालते? दावा कोणावर लावायचा? आणि पुढच्या वेळी सगळं काम एकाच घराण्याला द्यावं का?

या धंद्यात माझी २६ वर्षं गेली. सुरुवात टर्मिनलच्या गेटवर, मग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, एजन्सीत, आणि नंतर दाव्यांच्या टेबलावर, म्हणजे तुमच्यासारख्यांची पत्रं जिथे येऊन पडतात तिथे. "आमच्या दुसऱ्या कंपनीला लिहा" हे वाक्य मी स्वतः कितीदा तरी लिहिलं आहे. ते सहसा खोटं नसतं. त्या दुसऱ्या कंपनीचं पूर्ण नाव मात्र त्यात कधी नसतं.

आधी मुदतीचं बोलू, बाकी सगळं थांबू शकतं. बहुतेक बिल ऑफ लेडिंगना, म्हणजे माल जहाजाने नेण्याच्या कराराच्या कागदांना, हेग किंवा हेग-व्हिस्बी हे समुद्री मालवाहतुकीचे आंतरराष्ट्रीय नियम लागू होतात. त्यांत माल ताब्यात मिळाल्यापासून एक वर्षात दावा दाखल व्हावा लागतो. दाखल म्हणजे कोर्टात किंवा लवादात. पत्रव्यवहार कितीही जाडजूड झाला तरी तो दावा नव्हे. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना तीन दिवसांत द्यायची असते, पण ती राहिली तर फार बिघडत नाही. माल नीट मिळाला असं सुरुवातीला गृहीत धरलं जातं आणि तसं नव्हतं हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं, इतकंच. वर्ष उलटलं की मात्र सिद्ध करायलाही कोणी बोलावत नाही. आणि ते वर्ष योग्य कंपनीच्या बाबतीत मोजलं जातं. भावंडांपैकी चुकीच्या कंपनीवर वेळेत दाखल केलेल्या दाव्याचा उपयोग सहसा शून्य.

कागदाच्या रिळांचं एक प्रकरण माझ्याच टेबलावरून गेलं. समूहाचं नाव सांगत नाही. आयातदाराने एजन्सीला पत्र लिहिलं. एजन्सीने, म्हणजे मीच, नम्रपणे सर्व्हे रिपोर्ट मागितला. तो आला. मग इनव्हॉइस मागितलं, मग खराब रिळं भंगारात किती रुपयांना गेली त्याचा कागद मागितला. असे अकरा महिने गेले. बाराव्या महिन्यात त्यांच्या वकिलाने दावा लावला तो एजन्सीवर, कारण सगळी पत्रं तिच्याच लेटरहेडवर होती. आमच्या वकिलाचं उत्तर दोन ओळींचं होतं: आमच्या अशिलाने फक्त एजंट म्हणून सही केली आहे, वाहतुकीचा करार त्यांचा नाही. योग्य कंपनीचं नाव दाव्यात येईपर्यंत वर्ष उलटून तेरा दिवस झाले होते. एजन्सीची शंभर टक्के मालकी त्याच समूहाकडे होती. त्याने काही फरक पडला नाही. ती नम्र पत्रं लिहिताना माझ्या मनात फसवायचं काही नव्हतं, पण आजही ती फाइल आठवली की बरं वाटत नाही.

आता योग्य कंपनी शोधू. बिल ऑफ लेडिंग समोर घ्या. वरचा मोठा लोगो विसरा. खाली उजव्या कोपऱ्यात सहीची चौकट असते, तिथे "ॲज एजंट फॉर द कॅरिअर" असं काहीतरी छापलेलं असतं आणि त्यापुढे एक नाव. तुमचा कॅरिअर, म्हणजे करार करणारी कंपनी, ती. आता कागद उलटा करा. मागच्या बारीक अक्षरांत पहिल्याच कलमात बहुधा कॅरिअरची व्याख्या असते. दोन्ही नावं जुळतात का ते अक्षर न् अक्षर पाहा. घराण्यात पुढचं नाव सगळ्यांचं सारखंच असतं, फरक शेपटीत असतो: ए/एस, एस.ए., प्रायव्हेट लिमिटेड, जीएमबीएच. शेपटी बदलली की कंपनी बदलली आणि बहुधा देशही बदलला.

पुढची आणि मागची बाजू वेगळं बोलत असतील तर? हा वाद हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत, गेला होता. 'स्टारसिन' नावाच्या जहाजाचं प्रकरण, निकाल २००३ चा. पुढे सहीच्या चौकटीत लाइन कॅरिअर म्हणून होती, मागच्या कलमांत मात्र कॅरिअर म्हणजे जहाजमालक असं म्हटलं होतं. लॉर्ड्सनी पुढच्या बाजूला वजन दिलं: व्यापारी माणूस सही कुठे आहे ते बघतो, भिंगाने मागची कलमं वाचत बसत नाही. म्हणून सही आधी पाहायची. सही कॅप्टनची किंवा "कॅप्टनच्या वतीने" असेल, तर मात्र करार जहाजमालकाशी झालेला असण्याची शक्यता मोठी.

तुमच्या बाबतीत आणखी एक शक्यता आहे आणि मला तीच जास्त वाटते. डबा दारापर्यंत लॉजिस्टिक्स कंपनीने आणला म्हणता. मग तुमच्या हातातला कागद तिचं हाउस बिल, म्हणजे तिने स्वतःच्या नावाने तुम्हाला दिलेलं बिल, तर नाही ना? तसं असेल तर तुमची कॅरिअर ही लॉजिस्टिक्स कंपनी. लाइनने आपलं बिल, म्हणजे मास्टर बिल, तिच्या नावाने काढलेलं असतं आणि त्या करारात तुम्ही कुठेच नसता. "लाइनला लिहा" असं ती तुम्हाला सांगत असेल, तर ती स्वतःचं काम तुमच्या गळ्यात घालते आहे. लाइनकडून वसूल करणं ही तिची जबाबदारी. तुमचा हिशेब तिच्याशी.

डब्यावर रंगवलेल्या नावाचा इथे काहीच उपयोग नाही. डब्याच्या दारावर चार अक्षरं आणि सात आकडे असतात. त्यातली पहिली तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुतेकदा यू, आणि सातवा आकडा आधीच्या सगळ्यांचा ताळा. पण ही मालकी डब्याची. ट्रायटन, टेक्स्टेनर या कंपन्या डबे नुसते भाड्याने देतात. आणि हॅम्बुर्ग सूद ही १८७१ ची जुनी जर्मन जहाज कंपनी डेन्मार्कच्या मर्स्क या लाइनने २०१७ मध्ये विकत घेतली, नंतर तिचं नावही बाजारातून मागे घेतलं, तरी तिचे लाल डबे जगभर फिरत राहिले.

मग टर्मिनलवर थेट दावा का लावू नये, पाणी कदाचित तिथेच शिरलं असेल, असं तुम्ही म्हणाल. १९५० च्या दशकात पी अँड ओ कंपनीच्या 'हिमालय' जहाजाच्या शिडीवरून एक प्रवासी बाई पडली. तिकिटावर कंपनीची जबाबदारी नाकारणारं कलम होतं, म्हणून तिने कंपनीऐवजी कॅप्टन आणि बोसन (खलाशांचा मुकादम) यांच्यावर दावा लावला आणि १९५४ मध्ये कोर्टाने तो ग्राह्य धरला. त्यानंतर सगळ्या लाइनांनी आपल्या बिलात एक कलम घातलं, ज्याला आजही हिमालय क्लॉज म्हणतात: कॅरिअरला मिळणारं सगळं संरक्षण त्याच्या नोकरांना, स्टिव्हडोरांना (माल चढवणाऱ्या-उतरवणाऱ्यांना), टर्मिनलला आणि उपकंत्राटदारांनाही मिळेल. काही बिलांत तर उपकंत्राटदारांवर दावाच लावणार नाही असं वचनही तुम्ही नकळत दिलेलं असतं. म्हणजे जबाबदारीच्या वेळी भावंडं परकी, पण संरक्षणाची छत्री सगळ्यांची एकच. आमच्या दाव्यांच्या खात्याची अख्खी कला या एका वाक्यात आली.

छत्रीचं मापही सांगतो. हेग-व्हिस्बीखाली भरपाईची कमाल मर्यादा दर नगामागे ६६६.६७ एसडीआर किंवा दर किलोमागे २ एसडीआर, यांतली जी जास्त असेल ती. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबी चलन. बिलावर "एक कंटेनर" एवढंच लिहिलं असेल तर अख्खा डबा एक नग धरला जाऊ शकतो. "१४० खोकी" असं लिहिलं असेल तर १४० नग. बिल बनवताना ही ओळ कोणी नीट पाहत नाही, आणि तिच्यावरच पुढे रक्कम ठरते. यंत्रांचे भाग जड असल्याने तुम्हाला कदाचित किलोचा हिशेबच फायद्याचा पडेल. दोन्ही करून पाहा.

इतक्या कंपन्या असतात तरी का, याचं उत्तर एकच नाही. फसवायला असतात हे तर सर्वांत कमी खरं. जहाजाच्या अपघातात नुकसान जहाजाच्या किमतीच्या कित्येक पट होऊ शकतं, आणि एका जहाजाच्या देण्यासाठी त्याच मालकाचं दुसरं जहाज कुठल्यातरी बंदरात अडकवता येतं. १९५२ च्या ब्रसेल्स करारापासून ही सोय बऱ्याच देशांत आहे. उपाय सोपा: प्रत्येक जहाजाला स्वतंत्र कंपनी. मग बहीण जहाजच उरत नाही. दक्षिण आफ्रिकेने १९८३ च्या कायद्यात यावर तोड काढली. तिथे मागचा मालक कोण, कंपन्यांवर ताबा कोणाचा, हे बघून वेगळ्या कंपनीचं जहाजही धरता येतं. असं करणारे देश अगदी थोडे.

टर्मिनलचं कारण निराळं. जमीन आणि धक्का बहुधा बंदर प्राधिकरणाचा असतो, समूहाला तो दोन-तीन दशकांच्या सवलत करारावर मिळतो. प्राधिकरणाला करार करायला स्थानिक कंपनी हवी असते, बँकेला कर्ज त्या एका टर्मिनलच्या उत्पन्नाला बांधायचं असतं, भागीदारही प्रत्येक बंदरात वेगळा असतो. आणि राजकारण फिरलं तर धक्का तिथेच थांबावा असं समूहालाही वाटतं. जिबुती सरकारने २०१८ मध्ये दोरालेह टर्मिनल दुबईच्या डीपी वर्ल्ड कंपनीकडून काढून घेतलं. डीपी वर्ल्डची इतर देशांतली टर्मिनलं त्यानंतरही चालूच राहिली. करांचीही भानगड आहे: कित्येक देशांत जहाज कंपन्यांना नफ्यावर नव्हे तर जहाजाच्या टनांवर कर लागतो, टर्मिनलला मात्र नेहमीसारखा नफ्यावर. एकाच पिशवीत दोन्ही ठेवता येत नाहीत.

एका जहाजामागे किती घरं असतात ते २०२१ मध्ये सगळ्या जगाने पाहिलं. २३ मार्चला ४०० मीटर लांबीचं 'एव्हर गिव्हन' सुएझ कालव्यात आडवं झालं, २९ मार्चला सुटलं. बाजूवर ठळक अक्षरांत 'एव्हरग्रीन'. पण एव्हरग्रीन ही तैवानची कंपनी, तिने जहाज भाड्याने घेतलेलं. मालक जपानची शोएई किसेन, जी इमाबारी या जहाजबांधणी घराण्यातली. तांत्रिक व्यवस्थापन बर्नहार्ड शुल्टे या जर्मन कंपनीचं, झेंडा पनामाचा, विमा यूके पी अँड आय क्लबचा, खलाशी भारतीय. कालवा प्राधिकरणाने भरपाईसाठी जहाज अडवून ठेवलं, आधी ९१ कोटी ६० लाख डॉलर मागितले, मग ५५ कोटींवर आले, आणि मालकाच्या बाजूशी तडजोड झाल्यावर जहाज ७ जुलैला सुटलं. एव्हरग्रीनने पहिल्यापासून सांगितलं की जबाबदारी मालकाची. दरम्यान मालकाने जनरल ॲव्हरेज जाहीर केलं, म्हणजे जहाज वाचवण्याचा खर्च मालवाल्यांनीही आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात उचलायचा. ज्यांच्या मालाचा विमा होता त्यांच्यासाठी विमा कंपनीने हमीपत्र दिलं. विमा नसलेल्यांना रोख अनामत भरावी लागते, तोवर डबा मिळत नाही. यांपैकी बहुतेकांनी शोएई किसेन हे नाव त्याआधी कधी ऐकलं नसेल.

घराणं संकटात पाठीशी उभं राहतं का? हान्जिनचं पाहा. कोरियाच्या हान्जिन समूहात विमान कंपनी होती, जहाज कंपनी होती, टर्मिनलं होती. ३१ ऑगस्ट २०१६ ला जहाज कंपनी कोर्टात गेली. समूहाने पुढे केलेला पैसा बँकांना अपुरा वाटला होता. बंदरांनी, टगवाल्यांनी, क्रेनवाल्यांनी पैसे मिळणार नाहीत या भीतीने जहाजांना आत घ्यायचं नाकारलं आणि सुमारे १४ अब्ज डॉलरचा माल समुद्रावर अडकला. फेब्रुवारी २०१७ मध्ये कंपनी दिवाळखोर जाहीर झाली. विमानं उडतच होती. लाँग बीचच्या टर्मिनलमधला तिचा हिस्सा एमएससी या लाइनच्या घराण्यातल्या टीआयएल या टर्मिनल कंपनीने आणि ह्युंदाईने घेतला. कंपनी वेगळी होती म्हणूनच ती सुटी करून विकता आली. ज्यांचा माल अडकला होता त्यांना या विक्रीचं कौतुक कितपत वाटलं असेल, कल्पना करा.

कायद्याने परक्या असलेल्या कंपन्या संगणकाच्या तारेने मात्र एका झटक्यात सख्ख्या होतात. २७ जून २०१७ ला युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून नॉटपेट्या हा व्हायरस मर्स्कमध्ये शिरला. लाइन, टर्मिनलं आणि डॅम्को ही लॉजिस्टिक्स कंपनी, तिन्ही एकदम आंधळ्या झाल्या. गेटवर ट्रकच्या रांगा, आणि कोणता डबा कोणाचा हे सांगणारं कोणी नाही. दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने बसवावे लागले; नुकसान २५ ते ३० कोटी डॉलरचं. समूहाच्या तेल आणि ड्रिलिंगच्या कंपन्यांचं काम मात्र चालू राहिलं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, सगळं काम एकाच घराण्याला द्यावं का? माझं मत: द्या, पण किंमत वेगवेगळी मांडून घ्या. लाइनचं स्वतःचं टर्मिनल असलं की जहाजाला धक्का वेळेवर मिळण्याची शक्यता वाढते, गर्दीच्या दिवसांत हे मोठंच. पण बिलं बघा. टर्मिनल हँडलिंग चार्ज लाइन तुमच्याकडून घेते. टर्मिनलला ती प्रत्यक्षात किती देते हा त्यांचा आपसातला मामला, आणि दोन आकडे सारखे असतीलच असं नाही. डबा आवारात पडून राहिला तर टर्मिनल साठवणुकीचं भाडं लावतं आणि त्याच दिवसांचं डिमरेज लाइन लावते. बाहेर नेलेला रिकामा डबा परत द्यायला उशीर झाला की डिटेन्शन, तेही लाइनचं. फ्री डेजची, म्हणजे भाडं न लागणाऱ्या दिवसांची, घासाघीस करताना लोक लाइनशी चौदा दिवस ठरवतात आणि खूश होतात. टर्मिनलचे फ्री डेज वेगळे असतात आणि ते पाचव्या दिवशी संपतात. मी गेटवर होतो तेव्हा यावरून आठवड्याला एक भांडण ठरलेलं. "अहो, तुमच्याच कंपनीने चौदा सांगितले!" आणि आम्ही खिडकीतून म्हणायचो, "ती कंपनी वेगळी, साहेब."

माझा आग्रह एवढाच की कोटेशन मागताना चारही कंपन्यांचे दर, फ्री डेज आणि करार करणाऱ्या कंपनीचं शेपटीसकट नाव एकाच कागदावर मागा. आणि शक्य असेल तिथे दारापासून दारापर्यंतचा एकच करार एकाच कंपनीशी करा. मग पाणी कोणत्या टप्प्यावर शिरलं हे भांडण त्यांच्या घरातलं. एक धोका: टप्पा कळला नाही तर बऱ्याच करारांत भरपाईची मर्यादा वेगळी असते, ते कलम आधी वाचा.

तुमच्या चालू प्रकरणात टप्पा शोधणं अजून शक्य आहे. डबा परत गेला नसेल तर आत उभे राहा, दारं बाहेरून लावून घ्या आणि प्रकाशाचा ठिपका दिसतो का बघा. सर्व्हेअरला सांगून ओल्या पॅकिंगवर सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकून घ्या. खारं पाणी असेल तर दुधासारखं पांढरं होतं. पावसाचं पाणी किंवा डब्याच्या छताला धरलेला दव असेल तर सहसा होत नाही. क्षार घामातून किंवा मालातूनही येतो, म्हणून नमुना प्रयोगशाळेत पाठवाच. मग डबा प्रत्येक हातात गेला तेव्हाच्या पावत्या मागा: जहाजावरून उतरतानाची आणि गेटमधून ट्रकवर चढतानाची. टर्मिनलच्या भाषेत त्यांना ईआयआर म्हणतात, आणि त्यांवर खोक, भोक, चेप अशी प्रत्येक खूण नोंदलेली असते. उतरतानाची पावती स्वच्छ, गेटवरच्या पावतीत भोक आणि पाणी गोडं, तर आवारातला पाऊस. उतरतानाच भोक नोंदलेलं आणि पाणी खारं, तर समुद्र.

पावत्यांची वाट बघत बसू नका. बिलावरची कॅरिअर, हाउस बिल असेल तर ती लॉजिस्टिक्स कंपनी, जहाजाचा नोंदणीकृत मालक आणि टर्मिनल, या सगळ्यांना आजच वेगवेगळी पत्रं पाठवा आणि प्रत्येकाकडून दाव्याची मुदत तीन महिन्यांनी वाढवून लेखी मागा. एजन्सीच्या उत्तरात "आमचे प्रिन्सिपल मुदतवाढ देत आहेत" असं आलं तर प्रिन्सिपलचं, म्हणजे एजन्सी ज्या कंपनीच्या वतीने बोलते तिचं, पूर्ण नाव लिहून द्यायला सांगा. नाव येत नसेल तर वर्ष संपायच्या आत वकिलाला सगळ्यांवर दावा लावायला सांगा; जास्तीची नावं नंतर वगळता येतात.